पाच रुपयांचा रस्ता

अंतर मोजण्याची मापे ठरलेली असतात, असे शाळेत शिकविले जाते. मीटर आणि किलोमीटर यांच्या ठायी पक्षपात नसतो. धनिकाच्या मोटारीला आणि हमालाच्या पावलांना ते एकच माप लावतात. परंतु मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला त्याच्या घराचे अंतर विचारले, तर तो किलोमीटरचे नावही काढीत नाही. "चर्चगेटहून पाऊण तास," असे तो सांगतो. फारच काटेकोरपणे सांगावयाचे झाले, तर "जलद गाडीने पाऊण तास, धीम्या गाडीने एक तास," एवढी दुरुस्ती करतो. अंतर घड्याळाच्या काट्यांनी मोजण्याची ही रीत त्या नगरीत इतकी रूढ झाली आहे, की तिचे कोणालाच नवल वाटत नाही.

या दोन मापांखेरीज तिसरेही एक माप आहे. ते कोणी चारचौघांत बोलून दाखवीत नाही. ते घराघरांतील हिशेबाच्या वहीत असते. कामाची जागा घरापासून किती रुपयांवर आहे, हे सांगणारे ते माप होय. रस्ता लांबत नाही, आखडत नाही. स्थानक जागचे हलत नाही. तरीही एखाद्या मध्यरात्री हे तिसरे अंतर अकस्मात वाढते, आणि सकाळी उठलेल्या माणसाला आपल्या कामाची जागा कालच्याहून दूर गेलेली आढळते. भाडेवाढ म्हणतात ती हीच.

मुंबईला हे माप जन्मापासून जडलेले नव्हते. एके काळी गिरणगावातील कामगार गिरणीचा भोंगा ऐकू येईल एवढ्याच टापूत राहत असे. लालबाग-परळच्या चाळीचा जिना उतरला, की थोड्याच अंतरावर गिरणीचे दार लागे. त्याचा प्रवास पायांचा होता आणि पायांना तिकीट नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर आणि कुर्ला यांच्या दरम्यान विजेवर चालणारी गाडी सुरू झाली, आणि १९२८ साली पश्चिमेच्या बाजूने बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. लोहमार्ग जसजसा समर्थ होत गेला, तसतसे शहर त्याच्या आधाराने उत्तरेकडे पसरत गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कित्येक कुटुंबांनी दूरच्या उपनगरांची वाट धरली. जेथे जागा परवडली तेथे घर झाले. काम मात्र पुष्कळांचे जुन्या शहरातच राहिले. घर एकीकडे आणि अन्न दुसरीकडे, अशी ही फारकत झाली.

ही फारकत लक्षावधी लोकांनी सोसली, कारण त्या दोन टोकांना जोडणारी दोरी स्वस्त होती. ती दोरी म्हणजे रेल्वेचा मासिक पास. कागदाचा तो लहानसा तुकडा खिशातल्या पाकिटात, देवाच्या तसबिरीशेजारी, वर्षानुवर्षे जपलेला आढळे; आता कित्येकांजवळ तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असतो. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत सुमारे १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्याइतकी ठेवण्याची प्रथा आहे. महिन्यात २५ दिवस कामावर जाणारा माणूस जाऊन-येऊन ५० फेऱ्या करतो, आणि त्यांपैकी १५ फेऱ्यांचेच मोल देतो. उरलेल्या फेऱ्यांचा भार रेल्वे उचलते. ही केवळ सवलत नव्हे. श्रम करणाऱ्याने दूर राहावे आणि शहराने त्याला रोज परवडेल अशा दराने आणावे-पोचवावे, असा तो एक अलिखित करार आहे.

या कराराला धक्का लागला म्हणजे काय होते, हे २०१४ साली दिसून आले. त्या वर्षी २० जून रोजी रेल्वेच्या प्रवासी भाड्यात शेकडा १४.२ इतकी वाढ जाहीर झाली, आणि तिच्याबरोबरच मासिक पासाचा दर १५ ऐवजी ३० फेऱ्यांच्या हिशेबाने लावण्याचे ठरले. भाड्यातील वाढ शेकडा १४ असली, तरी पासाची किंमत त्यामुळे दुपटीहून अधिक होणार होती. फलाटाफलाटांवर असंतोष उसळला. अखेर चारच दिवसांनी, २४ जून रोजी, पासासाठी १५ फेऱ्यांचा जुना हिशेब पुन्हा मान्य करण्यात आला आणि ८० किलोमीटरपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाच्या उपनगरी प्रवासाला त्या वाढीतून वगळण्यात आले. पुढे २०२५ साली १ जुलैपासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचे भाडे वाढले, तेव्हाही उपनगरी गाड्या आणि मासिक पास यांना हात लावण्यात आला नाही. पासाच्या मागे किती माणसांचा संसार उभा आहे, याची जाणीव सत्ताधाऱ्यांनाही झाली असली पाहिजे.

एवढ्यावरून उपनगरी प्रवाशाची चिंता मिटली, असे कोणास वाटेल. परंतु त्याचा प्रवास एका गाडीचा नसतो. घरापासून स्थानकापर्यंत एक दुवा, या स्थानकापासून त्या स्थानकापर्यंत दुसरा दुवा आणि तेथून कामाच्या दारापर्यंत तिसरा, अशी ती साखळी असते. मधला दुवा लांब असल्यामुळे सर्वांच्या डोळ्यांत भरतो. दोन्ही टोकांचे दुवे लहान असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाहीत. या लहान दुव्यांची किंमत कशी वाढते आणि ती कोण, कशी फेडते, हे पाहण्यासाठी एखाद्या घरात डोकावले पाहिजे.

मालाडच्या पश्चिमेस मालवणी नावाची मोठी वस्ती आहे. तेथील एका घराची कल्पना करावी. असे घर तेथे एकच नाही. म्हणून त्याला नावाची आवश्यकता नाही. घरात सासू, सून, सुनेचा आठवीत शिकणारा मुलगा आणि रात्रपाळीला पहारेकरी म्हणून जाणारे त्याचे वडील, अशी चार माणसे आहेत. सून कुलाब्याच्या दक्षिण टोकाजवळ एका कार्यालयाच्या उपाहारगृहात पोळ्या करते. सकाळी घरातून निघून ती बसने मालाड स्थानक गाठते, तेथून सुमारे ३० किलोमीटर लोकलने चर्चगेटला जाते आणि चर्चगेटहून पुन्हा बसने कुलाब्याला पोचते. संध्याकाळी हाच क्रम उलटा होतो. लोकलसाठी तिच्याजवळ मासिक पास आहे. बसचे तिकीट मात्र ती प्रत्येक वेळी रोख पैसे देऊन काढते. कारण महिन्याच्या आरंभी दोन पासांचे पैसे एकदम बाजूला काढणे तिला जमत नाही.

या घरात एक लांबट वही आहे. महिन्याच्या पहिल्या दिवशी सून त्या वहीत खर्चाची बाबवार मांडणी करते. धान्य, तेल, गॅस, वीज, दूध, सासूबाईंची औषधे, मुलाची पुस्तके, अशा एकाखाली एक ओळी येतात आणि त्यांच्यामध्ये एक ओळ असते, 'जाणे-येणे'. ९ जुलै २०१९ रोजी मुंबईच्या बेस्ट बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले होते आणि त्या पाच रुपयांत पाच किलोमीटरपर्यंत जाता येत असे. सुनेचे दोन्ही बसप्रवास या पहिल्या टप्प्यात बसणारे. दिवसाच्या चार फेऱ्यांचे वीस रुपये होत आणि कामाचे २६ दिवस धरले म्हणजे महिन्याचे ५२० रुपये. 'जाणे-येणे' या ओळीसमोर लोकलच्या पासाखेरीज हा आकडा कित्येक वर्षे न चुकता येत असे. तीस किलोमीटरच्या लोकलपेक्षा सात-आठ किलोमीटरची बस तिला महाग पडत होती, हे खरे. परंतु त्या खर्चाची घडी बसली होती.

९ मे २०२५ रोजी ती घडी विसकटली. त्या दिवसापासून बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. वातानुकूलित बसचे सहाचे बारा झाले. सकाळच्या बसमध्ये सुनेने नेहमीप्रमाणे पाच रुपयांचे नाणे पुढे केले. वाहकाने ते घेतले नाही. "ताई, आजपासून दहा," तो म्हणाला. पुढच्या बाकावरील एक गृहस्थ त्याच्याशी हुज्जत घालू लागले, तेव्हा तो शांतपणे उत्तरला, "काका, भाडं आम्ही ठरवत नाही. आमच्या घरचेही याच बसने जातात." त्यावर गृहस्थ गप्प झाले. सुनेने दुसरे नाणे काढून दिले आणि खिडकीबाहेर पाहत ती मनाशी हिशेब करू लागली. २० चे ४० झाले. ५२० चे १०४० झाले. पगाराची तारीख तीच होती आणि रक्कमही तीच.

यानंतर काही दिवसांनी घरातल्या वेळापत्रकात एक बदल झाला. पूर्वी सून साडेसातच्या सुमारास घरी पोचत असे. आता सव्वाआठ होऊ लागले. हा पाऊण तास लहान होता. परंतु त्या घरात त्याला मोठे मोल होते. सून स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. संध्याकाळी घरी येऊन कणीक तिंबीत असताना मुलाने मराठीचा धडा मोठ्याने वाचावयाचा आणि तिने ऐकावयाचा, असा त्या घरचा नित्यनेम होता. शब्द अडला तर ती पुन्हा वाचावयास लावी. अर्थ तिलाही न उमगला, तर दोघे मिळून तर्क करीत. आपली आई आपली पहिली श्रोती आहे, याचा त्या मुलाला अभिमान वाटे. आता ती येई तेव्हा आजींच्या जेवणाची वेळ टळत आलेली असे, घाईघाईने चूल पेटे आणि धडा तसाच राहून जाई.

"सूनबाई, हल्ली गाड्या उशिरा येतात का गं?" सासूबाईंनी एकदा विचारले.

"हो आई, गर्दी फार असते," एवढेच सून म्हणाली. हे उत्तर खोटे नव्हते आणि खरेही नव्हते.

खरे काय ते मुलाला जूनच्या अखेरीस कळले. काही सामान आणण्यासाठी तो एका संध्याकाळी मीठ चौकीपर्यंत गेला होता. मालाड स्थानकाकडून मालवणीकडे येणाऱ्या वाटेवर हा चौक लागतो. वाहनांच्या रांगांच्या कडेने माणसांची एक ओळ चालत येत होती. त्या ओळीत त्याला आई दिसली. खांद्याला पिशवी, हातात मिटलेली छत्री आणि नजर पायांखालच्या रस्त्यावर. तिच्या शेजारून मालवणीची बस गेली. बसमध्ये जागा होती. आईने मान वर करून बसकडे पाहिलेसुद्धा नाही. ज्याला जावयाचे आहे तो बसकडे पाहतो. ज्याने न जाण्याचे ठरविले आहे तो पाहत नाही. मुलगा काही न बोलता मागच्या मागे घरी परतला.

त्या रात्री त्याने लांबट वही उघडली. शेकडेवारीची उदाहरणे तो शाळेत नुकतीच शिकला होता. पाचाचे दहा झाले म्हणजे वाढ शेकडा शंभर, हे त्याला पाटीवाचून सांगता येत होते. म्हणजे 'जाणे-येणे' या ओळीसमोरचा आकडाही दुप्पट झालेला दिसावयास हवा. त्याने एप्रिलचे पान पाहिले. तेथे ५२० होते. जूनचे पान पाहिले. तेथेही ५२० च होते. दर दुप्पट झाला आणि खर्च मात्र जागचा हलला नाही. शाळेतल्या कोणत्याही उदाहरणाचे उत्तर असे येत नव्हते. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की उरलेले ५२० रुपये वहीत नाहीत, ते रस्त्यावर आहेत. संध्याकाळी कुलाब्याहून चर्चगेटपर्यंत आणि मालाड स्थानकाहून घरापर्यंत, या दोन्ही फेऱ्या आई पायी करीत होती. दोन फेऱ्यांचे मिळून सात-आठ किलोमीटर होत. भाडेवाढ तिनेही भरली होती. पैशांऐवजी पावलांनी भरली होती.

"आई, तू संध्याकाळी बसने का येत नाहीस?" दुसऱ्या दिवशी त्याने विचारले.

"बस खचाखच भरलेली असते रे."

"काल रिकामी होती. मी मीठ चौकीवर पाहिली."

आई क्षणभर थांबली; मग हसली. "सकाळी बसनंच जाते मी. सकाळी उशीर झाला तर पगार कापतात. संध्याकाळी उशीर झाला तर तुम्हीच रागावणार. तुम्ही थोडेच पगार कापणार?"

या साध्या उत्तरात पुष्कळ अर्थ भरलेला आहे. ज्याच्या हाती थोडे असते, तो भाडेवाढीचा घाव ज्या बाजूला कमी बोलणारी माणसे असतील त्या बाजूला घेतो. मालकाची वेळ तो पाळतो. घरची वेळ मोडतो. दिवसभर चुलीपुढे उभे राहिलेल्या पायांना तो आणखी चालावयास लावतो. घरातील मुलाचा धडा, वृद्ध माणसाची जेवणाची वेळ आणि स्वतःची झोप यांतून तो त्या पाच रुपयांची भरपाई करतो. सरकारी कागदांवर ही भरपाई कोठेही नोंदली जात नाही. बसमधील एक प्रवासी कमी झाला, एवढीच काय ती नोंद होते.

अशा न नोंदलेल्या पावलांची थोडीशी मोजदाद एकदा झाली होती. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००४ साली मुंबईतील सुमारे ५,००० कुटुंबांची पाहणी केली. कामावर जाणाऱ्यांपैकी शेकडा ४४ लोक पायी जातात आणि गरिबांमध्ये हे प्रमाण शेकडा ६१ आहे, असे त्यांना आढळून आले. लोकलच्या गर्दीची छायाचित्रे जगभर पाहिली जातात. परंतु गाडीत न चढणाऱ्यांची ही गर्दी त्या छायाचित्रांत येत नाही. त्यांतील कित्येकांचे काम घराजवळ असते, हे खरे. परंतु कित्येकांनी जवळचेच काम पत्करलेले असते, कारण दूरच्या चांगल्या कामापर्यंत पोचण्याचे भाडे त्यांना झेपत नाही. भाडे वाढले म्हणजे माणसाच्या संधीचे वर्तुळ असे लहान होत जाते.

असे असले, तरी सगळा दोष बससेवेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तिचीही एक वही आहे आणि त्या वहीतही आकडे जुळत नाहीत. इंधन, दुरुस्ती, चालक-वाहकांचे वेतन यांचा खर्च वर्षानुवर्षे वाढतच जातो. बेस्टकडे शहराला वीज पुरविण्याचेही काम आहे. एके काळी त्या विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत असे. तो आधार पुढे राहिला नाही. २०१९ साली भाडे कमी केल्यावर प्रवासी परत बसकडे वळले. तिजोरीवरचा भार मात्र हलका झाला नाही. एके काळी चार हजारांहून अधिक असलेल्या बसगाड्या २०२५ साली तीन हजारांच्याही खाली आल्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा कंत्राटदारांकडून भाड्याने घेतलेल्या होत्या. २०१९ पूर्वीचे आठ रुपये लक्षात घेतले, तर २०२५ चे दहा रुपये फार नव्हेत, असेही कोणी म्हणेल. आणि ते म्हणणे अगदीच पोकळ नाही. गाड्या जुन्या झाल्या, फेऱ्या घटल्या आणि थांब्यावर अर्धा-अर्धा तास तिष्ठावे लागले, तर स्वस्त तिकिटाचा तरी काय उपयोग?

म्हणूनच खरा प्रश्न दहा रुपये थोडे की फार, हा नाही. तूट आहेच, ती भरून काढलीच पाहिजे. ती कोणी भरावी, हा प्रश्न आहे. बसचा लाभ केवळ बसमध्ये बसलेल्यालाच होतो, असे मानले तर ती त्यानेच भरावी, हे ओघाने येते. परंतु मालवणीची सून वेळेवर पोचते म्हणून कुलाब्यातील कार्यालयाला दुपारी गरम पोळी मिळते. दुकानातील नोकर पोचतो म्हणून दुकान उघडते. रुग्णालयातील आया पोचते म्हणून रुग्णाची चादर बदलली जाते. बसमध्ये पन्नास माणसे बसतात म्हणून रस्त्यावर पन्नास वाहने वाढत नाहीत आणि मोटारीतील गृहस्थाची वाट थोडी मोकळी राहते. ज्यांनी जन्मात कधी बसचे तिकीट काढले नाही, त्यांचाही दिवस बसच्या चाकांवरच पुढे सरकत असतो. मग तुटीतील त्यांचा वाटा त्यांनी का उचलू नये? पाणी, दिवे, रस्ते यांसाठी सर्व शहर जसे आपापल्या परीने कर देते, तसेच या सेवेसाठीही द्यावे, हा विचार न्याय्य आहे. रेल्वेच्या पासात हे तत्त्व फार पूर्वीच मान्य झालेले आहे. त्या तत्त्वाने बसच्या थांब्यापर्यंत यावयाचे राहिले आहे, इतकेच.

या संबंधात कुलाब्याच्या त्याच रस्त्याची एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे प्रथम तीन आणे होते. पुढे लोकांचा ओढा वाढला, तसे ते दोन आणे करण्यात आले. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली मोटारबस धावली, तीही कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. ज्या रस्त्यावर या नगरीने बसमध्ये पहिले पाऊल टाकले, त्याच रस्त्याने शंभर वर्षांनंतर एक सून बस सोडून पायी चालली होती. आणि तिचे भाडे वाढले तो दिवसही, योगायोगाने, ९ मे हाच होता. दीडशे वर्षांपूर्वी गर्दी वाढली तेव्हा भाडे उतरले; आज भाडे वाढले तेव्हा माणसे उतरली.

त्या घरात पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २०२५ साली पाऊस फार लवकर आला. २६ मे रोजीच मुंबईत त्याचे आगमन झाले. जुलैत झड लागली म्हणजे छत्रीचाही उपयोग होईना. वहीच्या जुलैच्या पानावर एक नवी ओळ अवतरली, 'पाऊस'. ज्या संध्याकाळी चालणे अशक्य होई, त्या संध्याकाळचे बसचे पैसे त्या ओळीसमोर लिहिले जात. महिन्याच्या अखेरीस मुलाने पाहिले, 'पाऊस' या ओळीसमोर जेवढी रक्कम आली होती, तेवढीच 'दूध' या ओळीतून कमी झाली होती. आकाशातून पडणाऱ्या पाण्यालाही घरात कोठेतरी किंमत मोजावी लागते, हे त्याला तेव्हा समजले.

ऑगस्टमध्ये उघडीप पडल्यावर एका संध्याकाळी आठ वाजण्याच्या आधीच तो मराठीचे पुस्तक घेऊन घराबाहेर पडला. "कुठे निघालास रे अंधाराचा?" आजींनी विचारले. "आईला आणायला," तो म्हणाला. मीठ चौकीच्या एका दिव्याखाली तो उभा राहिला. थोड्या वेळाने चालणाऱ्यांच्या ओळीतून आई आली. तिने त्याला पाहिले; रागावण्यासाठी तिने तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकविली आणि दोघे चालू लागले. दुकानांच्या उजेडात अक्षरे दिसत तेवढा वेळ तो धडा वाची. अंधाराचा पट्टा आला, की जे वाचले ते आठवून सांगे. एका शब्दापाशी तो अडला. "पुन्हा वाच," आई म्हणाली.

मालवणीची बस त्यांच्या शेजारून पुढे गेली. तिच्या खिडक्यांचा उजेड पुस्तकाच्या पानावरून क्षणभर सरकला, तेवढ्यात त्याने तो शब्द वाचून घेतला. त्या दिवसापासून त्या घरचा नित्यनेम पुन्हा सुरू झाला. आता तो रस्त्यावर चालतो, एवढाच फरक. मुलाने आईचा पाऊण तास तिला परत मिळवून दिला, असे म्हणावेसे वाटते. परंतु घरी पोचल्यावर आई उंबऱ्यावर टेकून आपले पाय दाबीत बसते, तेव्हा तो पुस्तक मिटून तिच्याकडे पाहत राहतो. धड्याने वाट सुसह्य होते. लहान होत नाही.